गावाखाली कोळसा होता

हेडविकाचं लग्न खिडकीत जमलं. चेक मुलखातल्या मोस्त गावच्या नाट्यगृहात अगदी वरच्या मजल्यावर शिवणखोली होती. नटनट्यांचे कपडे शिवायला, उसवायला, सैल-घट्ट करायला ती तिथं नुकतीच लागली होती. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. त्या उन्हाळ्यात इमारतीला परांची बांधली आणि छपराखालचे चुन्याचे मुखवटे दुरुस्त करायला एक गवंडी आला. एके दुपारी त्यानं बाहेरून काचेवर टकटक केलं आणि पाणी मागितलं. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"दार खाली आहे," हेडविका म्हणाली.

"खाली उतरलो की मुकादम म्हणणार, आलाच आहेस तर वाळू चाळ."

तिनं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला मीठ हवं होतं, तिसऱ्या दिवशी सुई. सुई कशाला, हे त्याला सांगता येईना, तेव्हा शिवणखोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. वेन्देलीन यारोश त्याचं नाव. थंडी पडायच्या आत लग्न झालं आणि तो तिच्याच घरी राहायला आला, कारण वडील गेलेले आणि तिला आईला एकटं सोडून जायचं नव्हतं.

घर मेरीमातेच्या मोठ्या चर्चच्या मागे, डाव्या हाताला. अरुंद गल्ली, दोन खोल्या, परसात लाल बेरीचं झुडूप. वेन्देलीनचं काम कधी संपायचं नाही. चौकातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांवर चुन्याची तोंडं होती, फुलांच्या माळा, शिंपले, गुबगुबीत देवदूत. खाणींचा धूर त्यांची नाकं खायचा आणि वेन्देलीन नवी बसवायचा. संध्याकाळी जेवताना तो सांगायचा, "आज औषधवाल्याच्या देवदूताला हनुवटी दिली." हेडविका म्हणायची, "आता औषधवाल्याची बायको म्हणेल, मलाही दे."

आईचं नाव गेरट्रुड. ती जर्मन. लढाईनंतर गावातल्या जर्मनांना हातात मावेल तेवढं घेऊन सीमेपलीकडं घालवलं, त्यात तिच्या बहिणी, चुलते, सगळं गणगोत गेलं. ती राहिली ती नवरा चेक होता म्हणून. तिचा धाकटा भाऊ टोनी तर जर्मन फौजेत जाऊन लढाईतच पूर्वेकडं कुठंतरी हरवला होता. मेला असं कुणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही नाही. तेव्हापासून गेरट्रुड रस्त्यात तोंड उघडायची नाही. तिची चेक बोली मोडकी होती आणि जर्मन बोलायची चोरी. दुकानात ती बोटानं दाखवायची. घरात दार लावून लेकीशी आपल्या भाषेत बोलायची, तेही हळू.

पुढं हेडविकाला मुलगी झाली, तेरेझा. वेन्देलीन तिला खांद्यावर घेऊन चौकात हिंडायचा आणि खिडक्यांवरच्या तोंडांची ओळख करून द्यायचा. हा रागावलेला, ही झोपाळू, याला दाढ दुखतेय. एका हिवाळ्यात तिच्या अंगावर लाल पुरळ येऊन ताप चढला आणि तो उतरलाच नाही. पोर शाळेत जायच्या वयाचीही झाली नव्हती. गावच्या दफनभूमीत भिंतीलगत तिला ठेवलं. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. दर रविवारी हेडविका तिथं जायची, गवत उपटायची, दगड पुसायची आणि घरी येऊन बटाटे सोलायला बसायची.

असं चाललेलं असताना गाव पाडायचं ठरलं.

कुणकुण बरीच वर्षं होती. गावाखाली कोळसा आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. खाणी गावाच्या कडेपर्यंत येऊन थांबलेल्या होत्या. पण चर्च, नगरसभागृह, मठ, नाट्यगृह, शेकडो वर्षांचा चौक कोळशासाठी कुणी उपटेल असं कुणाला वाटलं नव्हतं. एका सकाळी रस्त्यावरच्या खांबांवरचे कर्णे खरखरले आणि नेहमीच्या संगीतानंतर एका बाईच्या गोड आवाजात ते सांगण्यात आलं. लोकांसाठी शेजारी नवं शहर होईल. प्रत्येक घरात गरम पाणी असेल.

रडारड झाली असं नाही. शेजारच्या व्होइत्येश्काला तर आनंद झाला. ती हेडविकाच्याच वयाची, तोंडाची फटकळ.

"आता तरी थंडीत परसाकडं जाताना बर्फ फोडायला नको," ती म्हणाली. "तुमच्या त्या चुन्याच्या देवदूतांनी माझी ओली भिंत कधी वाळवली का?"

"तुझ्या सासूचं घर आहे ते, व्होइत्येश्का."

"म्हणून तर."

गाव जायचंच म्हटल्यावर दुरुस्ती कोण करणार? छपरं गळू लागली तशी गळू दिली. पन्हळी लोंबू लागल्या. देवदूतांची नाकं पडली ती पडलीच. वेन्देलीनच्या परांच्या गोदामात गेल्या आणि काही महिन्यांनी त्याला पाडकामाच्या तुकडीत घातलं.

त्यानं घरी सांगितलं तेव्हा हेडविका सुपाची वाटी पुढं सरकवत होती. तिचा हात तसाच राहिला.

"तू पाडणार?"

"कुणीतरी पाडणारच आहे."

"मग ते कुणीतरी पाडू दे. तू कशाला?"

"हेडी, मला दुसरं काम देत नाहीत. आणि मी निदान आधी माळा, तोंडं सोडवून खाली तरी उतरवीन. ते लोक भिंतीला साखळी बांधतात आणि ट्रॅक्टरनं ओढतात."

"उतरवून काय करणार?"

"संग्रहालयात ठेवतील म्हणे."

"सगळी?"

तो सुपात पाव बुडवत राहिला. सगळी ठेवणार नाहीत हे दोघांनाही कळत होतं.

त्या दिवसापासून तिचं त्याच्याशी बोलणं कामापुरतं झालं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, आणि स्वतः मागाहून आईबरोबर जेवायची. तो पूर्वी पांढरा होऊन यायचा, आता करडा होऊन यायचा. आज काय केलं हे त्यानं सांगणं बंद केलं आणि तिनं विचारलं नाही. पण शिवणखोलीच्या खिडकीतून तिला चौकातली धूळ दिसायची. अमुक गल्लीवर धूळ उठली की अमुक घर गेलं.

मग एका उन्हाळ्यात परदेशी सिनेमावाले आले. त्यांना लढाईचा सिनेमा काढायचा होता आणि उडवायला खरंखुरं जुनं गाव हवं होतं. असं गाव जगात दुसरीकडं कुठं मिळणार होतं? सरकारनं परवानगी दिली. रिकाम्या रस्त्यांतून रणगाडे फिरू लागले, घरं सुरुंगानं उडू लागली. सिनेमातल्या कोटांची, टोप्यांची दुरुस्ती नाट्यगृहाच्या शिवणखोलीकडं आली. जर्मन सैनिकांचे करडे कोट ढिगानं येऊन पडले. हेडविकानं त्यांच्या बाह्या आखूड केल्या, कॉलरवर बिल्ले टाचले. काम म्हणून केलं. एवढंच, की बोटं त्या कापडाला लागली की ती मध्येच उठून हात धुवून यायची.

आईला तिनं बजावून ठेवलं होतं, "काही दिवस बाहेर पडू नकोस. खोटी लढाई आहे, पण आवाज मोठे आहेत."

गेरट्रुड तोवर बरीच थकली होती. कालचं विसरायची आणि फार जुनं मात्र घडाघडा सांगायची. एका दुपारी ती टोपली घेऊन परसातून बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी, आधीच नव्या शहरात गेलेल्या व्होइत्येश्काच्या ओसाड घराच्या पायरीवर, करडे कोट घातलेली पाच-सहा पोरं बसून पाव खात होती. प्रागहून आणलेले विद्यार्थी. गेरट्रुड थांबली. एकाच्या जवळ गेली, त्याची बाही धरली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर, मोठ्यानं, जर्मनमध्ये म्हणाली, "टोनी, घरी चल. सूप गार होतंय."

पोरं हसली. ज्याची बाही धरली होती त्यानं आधी टाच आपटून सिनेमात शिकवलेला जर्मन शब्द ठोकला. तशी बाकीची पोरं आणखी हसली. मग त्यानं म्हातारीचा चेहरा पाहिला आणि तो उठला.

कुणीतरी निरोप दिला म्हणून हेडविका धावत घरी आली तेव्हा तो पोरगा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर शहाजिऱ्याच्या सुपाची वाटी. आई शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाहीवरची शिलाई हेडविकाची होती, तिनं ती लांबूनच ओळखली.

"काकू, माफ करा," पोरगा हलक्या आवाजात म्हणाला. "मला निघता येईना. आजी हातच सोडत नाहीत. त्या काय म्हणतात तेही कळत नाही."

"काही नाही," हेडविका म्हणाली. "जेव म्हणतेय."

त्यानं वाटी संपवली. जाताना दारात त्यानं टोपी काढली, आणि आईनं ती पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवून नीट केली.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी देशात खरे रणगाडे आले, परक्या देशांचे, इथलं सरकार ताब्यात घ्यायला. सिनेमावाले सामान टाकून पळाले. पण गेरट्रुडच्या लेखी लढाई कधीच संपली होती, कारण टोनी परत आला होता. ती रोज त्याची वाटी मांडायची. संध्याकाळी दाराची कडी लावू द्यायची नाही.

पुढच्या वसंतात त्यांच्या गल्लीची पाळी आली. नव्या शहरात सिमेंटच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली. गरम पाणी खरंच होतं. गेरट्रुड खुर्ची खिडकीपाशी ओढून बसायची आणि दिवसभर एकच विचारायची.

"टोनी घरी गेला तर? आपण तिथं नाही. त्याला पत्ता कोण सांगणार?"

"मी सांगून ठेवलंय आई."

"कुणाला?"

"शेजाऱ्यांना."

"शेजारी आहेत ना अजून?"

"आहेत," हेडविका म्हणायची. तोवर ती गल्ली भुईसपाट झाली होती, आणि ती पाडणाऱ्यांत वेन्देलीन होता. घरी आल्यावर तो दोघींचं हे बोलणं ऐकायचा आणि बूट काढत बसायचा. एकदाच तो मध्ये बोलला. म्हणाला, "आई, काळजी करू नका. मी दारावर खडूनं लिहून आलोय. नाव, इमारत, मजला, सगळं." गेरट्रुडनं त्याचा हात दाबला. त्यानंतर तिनं विचारलं नाही. त्या हिवाळ्यातच ती गेली.

तिला नव्या दफनभूमीत पुरलं. जुनी उकरायची होती. ज्यांना आपली माणसं हलवायची होती त्यांची हलवणार होते, बाकीच्यांचं काय करणार ते कुणी सांगितलं नाही. तेरेझाचा दिवस ठरला तेव्हा हेडविका कोट घालून दारापर्यंत गेली आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. वेन्देलीननं तिला खुर्चीवर बसवलं आणि एकटा गेला.

दिवस मावळताना तो आला. न्हाणीघरात नळ बराच वेळ वाहत राहिला. मग तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. आईशेजारीच ठेवली."

"मजुरांनी नीट..."

"मजुरांना मी लांब बसवलं. सिगारेटी दिल्या. फावडं लावू दिलं नाही. थापीनं उकरलं."

हेडविका त्याच्या हातांकडं बघत राहिली. तिनं विचारलं, "काय होतं?"

"मातीच, हेडी. थोडंसं... आणि बुटाचं बक्कल. एकच. दुसरं सापडलं नाही. मी खूप शोधलं. मग मी तिला सांगितलं, आपण घर बदलतोय. नाहीतर घाबरली असती."

हेडविका उठली. तिनं कोबी गरम केला, उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांचे दोऱ्यानं काप केले, दोन ताटं वाढली आणि त्याच्या समोर बसली. इतक्या वर्षांनी दोघं एका वेळी जेवत होती. जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "आज दमलास ना?" आणि तो टेबलावर डोकं टेकून रडला.

गाव हळूहळू संपलं. मठ गेला, मद्यशाळा गेली, नगरसभागृह गेलं. नाट्यगृह पाडायच्या यादीत बरंच खाली होतं, पण शिवणखोली त्याआधीच हलवली, आणि शेवटी नाट्यगृहही गेलं. राहिलं फक्त मेरीमातेचं चर्च. त्याचं मात्र वरच्या लोकांनी काही निराळंच ठरवलं होतं. ते पाडायचं नाही. लोखंडी पट्ट्यांनी आवळायचं, खाली चाकं घालायची आणि रुळांवरून अखंड ओढत नव्या जागी न्यायचं. आधी सगळ्यांना ती थट्टा वाटली.

"देवाला मानत नाहीत आणि त्याला गाडीत बसवून फिरवणार," व्होइत्येश्का म्हणाली. "माझ्या सासूच्या घराला चाकं लावायची बुद्धी नाही झाली कुणाला."

"तुला नकोच होतं ते घर."

"नको होतं," व्होइत्येश्का म्हणाली. "पण स्वप्नात अजून तिथंच राहते मी."

चर्च हलायच्या आदल्या रविवारी वेन्देलीन हेडविकाला जुन्या जागी घेऊन गेला. त्याला ओळखत असल्यानं पहारेकऱ्यांनी अडवलं नाही. सगळीकडं करडी, ओली, सपाट माती, आणि मधोमध लोखंडात आवळलेलं ते चर्च. वेन्देलीन चर्चच्या मागच्या भिंतीशी गेला, तिथून डावीकडं चालत निघाला, एकदा थांबला, थोडा मागे आला.

"इथं आपलं दार," तो म्हणाला. "इथं चूल. तू उभी आहेस तिथं आईची खुर्ची."

हेडविका बाजूला सरकली. वारा होता. लाल बेरीचं झुडूप कुठं होतं हे तिनं विचारलं आणि त्यानं हात करून दाखवलं. तिथं काहीच नव्हतं, तरी तिला क्षणभर सगळं घर आपापल्या जागी उभं राहिल्यासारखं वाटलं.

"हे चर्च गेल्यावर कसं ओळखायचं रे?"

"काय?"

"आपलं घर. आपण सांगतो ना, चर्चच्या मागे डाव्या हाताला. आता कशाच्या डाव्या हाताला म्हणायचं?"

वेन्देलीननं तिची कॉलर वर केली, गळा झाकला आणि दोघं चिखलातून परत निघाली.

चर्च हललं त्या दिवशी उतारावर माणसंच माणसं. वाजंत्री होती, फोटोवाले होते, मोठमोठे साहेब होते. चर्च हलताना मात्र दिसत नव्हतं. इतकं सावकाश, की बघत राहिलं तर ते जागचं हलत नाही, आणि सॉसेज आणायला जाऊन परत आलं तर ते थोडं पुढं गेलेलं. लोक टाळ्या कुठं वाजवाव्यात या विचारात होते. काही आठवडे ते तसंच सरकत होतं. हेडविका बऱ्याचदा जाऊन उभी राहायची. ते पोचलं त्या दिवशी गेली नाही. त्या दिवशी तिनं खिडक्या धुतल्या.

नंतर खाणीची यंत्रं चर्चच्या जुन्या जागेवर आली आणि ती जागाही राहिली नाही. तिथं खड्डा झाला, इतका मोठा की पलीकडची कड धुरात दिसायची नाही.

वेन्देलीनची छाती धुळीनं भरली होती. निवृत्त झाल्यावर तो फार जगला नाही. शेवटच्या आजारात तो हवेत बोटं फिरवायचा. हेडविकानं विचारलं, काय करतोस, तर म्हणाला, "ओठ नीट येत नाहीत." त्याला तिनं आई आणि तेरेझाच्या शेजारी ठेवलं.

बऱ्याच वर्षांनी सरकार बदललं आणि चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना होऊ लागली. हेडविका एकदा जाऊन बसली. खांब तेच होते, वरची दगडी जाळी तीच. पण दारातून बाहेर पडलं की पायांना वाटे डावीकडं वळावं, आणि डावीकडं मोटाररस्ता होता. ती पुन्हा फारशी गेली नाही.

व्होइत्येश्का हेडविकाच्याच इमारतीत खाली राहायची. गुरुवारी ती वर यायची. हेडविका खसखशीचा केक करायची आणि दोघी जुन्या गावातून चालायच्या. म्हणजे बसल्या जागी, तोंडानं. स्टेशनापासून सुरुवात करायची आणि एकेक दार घेत चौकापर्यंत यायचं.

एका गुरुवारी औषधाच्या दुकानापर्यंत आल्यावर दोघी अडल्या.

"त्याच्या शेजारी टोपीवाला," व्होइत्येश्का म्हणाली.

"टोपीवाला कोपऱ्यावर. शेजारी साबणाचं दुकान. हिरवं दार."

"हिरवं दार टोपीवाल्याचं. माझ्या लग्नातली टोपी मी तिथून आणली, मला सांगतेस?"

"अगं, वेन्देलीननं त्याच्या खिडकीवर..." हेडविका बोलता बोलता थांबली. खिडकीवर काय होतं ते तिला दिसेना. माळ होती की तोंड? तिनं डोळे मिटले. दार दिसलं, पण त्याचा रंग कधी हिरवा व्हायचा, कधी तपकिरी.

"विचारू कुणाला तरी," व्होइत्येश्का म्हणाली.

दोघींनी नावं काढून पाहिली. अमका गेला होता. तमकी मुलाकडं ब्रनोला होती आणि तिला आता कुणी ओळखू येत नव्हतं. आणखी एक नाव निघालं, त्याच्या पुढं दोघींनाही काही आठवेना.

"राहू दे," हेडविका म्हणाली. तिनं केकचा आणखी एक तुकडा कापून व्होइत्येश्काच्या ताटलीत ठेवला. "एवढं दार सोडून पुढं जाऊ."

"कुठं?"

पुढचं दारही हेडविकाला सापडत नव्हतं, पण ते तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, "आधी चहा पी. गार होतोय."